पोस्ट लावा, पण गायब होऊ नका



शिबिरात हा प्रश्न हमखास येतो : पोस्ट आधी शेड्यूल करून ठेवली, तर रीच कमी होतो का?

नुसत्या शेड्यूलमुळे होत नाही. इन्स्टाग्रामने २०२२ मध्ये व्यावसायिक खात्यांना ही सोय स्वतःच्याच अ‍ॅपमध्ये दिली. पोस्ट ७५ दिवस आधी लावून ठेवता येते. स्वतः दिलेली सोय वापरली म्हणून कंपनी शिक्षा कशाला देईल?

खरं नुकसान नंतर होतं. पोस्ट लागते आणि आपण गायब. खाली एखादी बहीण विचारते, “मेहर मिळाली नाही, काय करू?” दोन दिवस उत्तर नाही. ती पुन्हा कशाला येईल? आणि कॉमेंट, शेअर थांबले की पोस्टही मागे पडते.

एकदा आम्ही ईदच्या शुभेच्छा लावून ठेवल्या होत्या. चाँद दिसला नाही, तिसावा रोजा पडला. पोस्ट मात्र सकाळी नऊला गेली! लोक हसले, विषय संपला. पण गावात तणाव असताना आपली हसरी रील गेली, तर कोणी हसणार नाही.

म्हणून शेड्यूल जरूर करा. फक्त पोस्ट लागल्यावर तासभर कोणीतरी उत्तरं द्यायला बसा. आणि गावात काही घडलं, तर लावलेल्या पोस्ट आधी थांबवा.