पाणथळीवरचे पाव्हणे



आज खताच्या मात्रेविषयी बोलणार नाही. आज आपण निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याची माहिती घेऊ. तिथे जावे कधी, बघावे काय आणि काठावर ज्यांची शेती आहे त्यांनी काय काळजी घ्यावी, एवढाच आजचा विषय.

"हे अभयारण्य शहरातल्या हौशी लोकांसाठी. त्याचा आपल्याशी काय संबंध?" असे पुष्कळ शेतकरी मला विचारतात. संबंध आहे, बरं का! गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा बांधला तो कालव्याच्या पाण्यासाठी, म्हणजे शेतीसाठीच. वर्षानुवर्षे तिथे गाळ साचला. उथळ पाणी, बेटे आणि पाणकणसाची रानं तयार झाली आणि पाखरांनी मुक्काम केला. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. २०२० साली रामसर यादीत त्याचे नाव आले. महाराष्ट्रातले ते पहिले रामसर पाणथळ ठिकाण. तुमच्या पाण्याच्या सोयीतून ही जागा घडली आहे, मंडळी!

आता बघायला केव्हा जावे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. वेळ मात्र पहाटेची किंवा उन्हं कलल्यावरची. माझी फजिती सांगतो. एकदा सभा आटोपून एका गावच्या शेतकऱ्यांना घेऊन मी भर दुपारी तिथे गेलो. बोलणे मोठ्याने, कपडे पांढरेशुभ्र. दिसले काय? लांबवर पाण्यावर काळे ठिपके. बरोबरचे एक आजोबा म्हणाले, "साहेब, दुपारी बारा वाजता बाजार भरतो, पाखरं नाही भरत." पुढच्या खेपेला आम्ही दिवस उगवायच्या आत पोहोचलो, आणि तेच आजोबा मनोऱ्यावरून उतरायला तयार होईनात!

चापडगावच्या बाजूला वनखात्याचे प्रवेशद्वार आहे, निरीक्षण मनोरे आहेत. नाशिकहून अंतर सुमारे ४० किलोमीटर. प्रवेशाची पावती घ्यावी, दुर्बीण असल्यास न्यावी, आणि वाट माहीत असलेला गावातला तरुण बरोबर घ्यावा. चक्रवाक बदके, जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक, काळे वारकरी हे पाण्यावर दिसतात. कधी रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही दिसतो. आवर्तनासाठी पाणी सोडले, पातळी उतरली, की चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे टिपायला लहान पाणपक्षी गोळा होतात. करकोचे तर हिवाळ्यात परदेशाहून येतात आणि चरायला शेतातही उतरतात. तुमची मुलं शाळेत भूगोल शिकतात ना? त्यांना एक रविवार इथे आणा. एवढा स्वस्त आणि चांगला धडा दुसरा नाही.

आता काठावरच्या शेतकऱ्यांची तक्रार. ती खरी आहे. एका हिवाळ्यात एका शेतकऱ्याचा नुकताच लावलेला कांद्याचा वाफा फोटो काढणाऱ्यांनी तुडवला. त्याने रागाने बांधावर काटे टाकले, पाव्हण्यांशी भांडण झाले. पुढच्या वर्षी त्यानेच युक्ती केली. एका बांधावर दोरी बांधून "वाट इकडून" अशी पाटी लावली आणि घरच्या बाईने चहा-भाकरीची सोय केली. वाफे वाचले आणि चार पैसे घरात आले. चूक पाव्हण्यांची होती, तरी उपाय आपल्या हातात होता.

आणि आता थोडे फवारणीविषयी, कारण खरी गोष्ट इथेच आहे. द्राक्षबाग, ऊस, टोमॅटो यांच्यावर आपण जे मारतो ते पावसाच्या पाण्याबरोबर ओहोळाने नदीत जाते. पंप नाल्यात धुतला तर ते विष थेट पाण्यात जाते. किडे मरतात, मासे मरतात, आणि ते खाणारी पाखरंही. रासायनिक खत वाहून गेले तर जलपर्णी माजते, मोकळे पाणी झाकून जाते, पाखरांना उतरायला जागा उरत नाही. भोवत्या, घारी, घुबडे शेतातले उंदीर टिपतात हेही विसरू नका. पाखरं गेली तर पाव्हणेही येणार नाहीत, आणि उंदरांचा बंदोबस्त तुम्हालाच करावा लागेल.

एवढे लक्षात ठेवा :

१. फवारणी पंप व डबे नाल्यात धुवू नका. धुवणाचे पाणी विहीर व ओढ्यापासून दूर, शेतातच मुरवा.
२. औषध शिफारशीएवढेच मारा. वाऱ्यात आणि पावसाच्या तोंडावर मारू नका.
३. काठावरची पाणकणसे जाळू नका. त्यात घरटी असतात.
४. अंडी, पिल्ले, पाखरू यांना हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे.
५. पाव्हण्यांना वाट दाखवा. आवाज, कचरा आणि दगडफेक मात्र होऊ देऊ नका.

बंधू-भगिनींनो, कालव्याचे पाणी तुम्ही वाटून घेता, तसे पाखरांशीही थोडे वाटून घ्या. आणि येत्या थंडीत एक पहाट नक्की काढा. मात्र घरातली मुलं बरोबर न्यायला विसरू नका.

रामराम.