साखरपुडा मोडला तर एल्फ लोक काय करतात?

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' म्हटलं की सगळ्यांना एकच अंगठी आठवते. आज मात्र मी दुसऱ्याच अंगठ्यांबद्दल बोलणार आहे. साध्या, चांदीच्या. एल्फ लोकांच्या साखरपुड्यातल्या.

टोल्किनने एल्फांसाठी भाषा तयार केल्या हे तुम्ही ऐकलं असेल. पण त्यांची लग्नं कशी होतात, हेही त्याने सविस्तर लिहून ठेवलं होतं. तो १९७३ मध्ये गेला. पुढे त्याच्या मुलाने, ख्रिस्टोफरने, ते लिखाण १९९३ मध्ये 'मॉर्गॉथ्स रिंग' या पुस्तकात छापलं.

तर पद्धत अशी. दोन्ही घरची मंडळी जमतात, लग्न ठरल्याचं जाहीर होतं, आणि दोघं एकमेकांना चांदीची अंगठी देतात. मग निदान एक वर्ष थांबायचं. लग्नाच्या पंगतीत मुलीची आई आणि मुलाचे वडील पुढे येतात, दोघांचे हात हातात देऊन आशीर्वाद देतात. चांदीच्या अंगठ्या ज्याच्या त्याला परत मिळतात आणि उजव्या हाताच्या तर्जनीत सोन्याची बारीक अंगठी येते. नोल्डोर नावाच्या कुळात तर सासू जावयाला रत्न देते आणि सासरा सुनेला. देणं दोन्हीकडून सारखं!

आता आठवा, गॅलाड्रिएल ॲरागॉर्नला हिरवं रत्न देते ना? ती आर्वेनची आजी. आर्वेनची आई तोवर समुद्रापार निघून गेलेली. म्हणजे आईच्या जागी आजीने होणाऱ्या नातजावयाला दिलेला तो आहेर होता. सिनेमा पाहताना हे कुठे कळतं आपल्याला?

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. त्या वर्षभरात लग्न नको वाटलं तर काय? तर सगळ्यांसमोर अंगठ्या परत करायच्या आणि त्या वितळवून टाकायच्या. पुन्हा कुणाच्या साखरपुड्यात त्या वापरायच्या नाहीत. असं क्वचितच घडतं, पण सोय आहे. रीतसर, उघडपणे.

हे वाचताना मला माझी मावसबहीण आठवली. तिने साखरपुड्यानंतर चार महिन्यांनी नाही म्हटलं. अंगठी कुरिअरने परत गेली, गुपचूप. त्यानंतर प्रत्येक कार्यात कुणीतरी मावशीला कोपऱ्यात घेऊन विचारायचंच, "काय हो, नक्की काय झालं?" म्हणजे साखरपुडा करायची रीत आपल्याकडे आहे, मोडायची नाही. मग ती जागा कुजबुज भरून काढते.

एल्फांचंही सगळं छान होतं असं नाही हं. त्यांचं लग्न एकदाच आणि कायमचं, कारण मेलेला एल्फ पुन्हा देह घेऊन परत येऊ शकतो. मग राजा फिन्वेची गोष्ट घडते. त्याची बायको मीरिएल मुलाच्या, फेआनोरच्या, जन्मानंतर इतकी थकते की तिला जगणंच नको होतं. ती जाते आणि परत यायला नकार देते. फिन्वेला पुढे इंडिस आवडते. आता करायचं काय? नियमच नाही! शेवटी देवांना, म्हणजे वालारांना, बसून चर्चा करावी लागते. मीरिएल कधीच परतणार नाही हे तिच्याकडून पक्कं झाल्यावरच परवानगी मिळते.

फेआनोरने मात्र सावत्र आई मनातून कधीच स्वीकारली नाही. पुढे त्याने सावत्र भावावर, फिंगोल्फिनवर, तलवार उपसली आणि त्याला बारा वर्षं शहराबाहेर काढलं गेलं. फिन्वेने दुसरं लग्न करायलाच नको होतं, असं म्हणणारे एल्फांमध्येही होते.

मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि कारण वंशावळीतच आहे. गॅलाड्रिएल ही इंडिसची नात. आणि आर्वेन फिंगोल्फिनच्या वंशातली. ते दुसरं लग्न झालं नसतं, तर ते हिरवं रत्न द्यायला आजी नसती आणि ज्या नवरीसाठी दिलं ती नवरीही नसती.

पुढच्या वेळी पुस्तक उघडाल तेव्हा तो प्रसंग नीट वाचा. आणि तुमच्या ओळखीत कुणाचा साखरपुडा मोडला असेल, तर तिला "काय झालं?" विचारू नका. "जेवलीस का?" विचारा. भेटू पुढच्या भागात!