संकटकाळी श्रद्धा काय करते?



सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या आगगाडीत आपण पुष्कळदा बसला असाल. दौंड मागे पडले की थोड्या वेळाने केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. हे आपल्या शहरालगतचे केगाव नव्हे. पुष्कळ जलद गाड्या तेथे न थांबताच पुढे निघून जातात. आज ज्या प्रश्नाविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत, त्याचे मला पटलेले उत्तर त्या गावी सापडते. प्रश्न असा की, मनुष्यावर दुःखाचा डोंगर कोसळतो तेव्हा ईश्वरावरील श्रद्धा त्याच्या कितपत उपयोगी पडते?

मी ख्रिस्ती आहे, आणि जन्मभर मास्तरकी केली आहे. चांगला विद्यार्थी प्रश्न विचारताच उत्तर घडाघड म्हणून दाखवितो. तसे मलाही ह्या प्रश्नाचे उत्तर पाठ होते. परंतु आठ वर्षांपूर्वी माझी पत्नी दीर्घ दुखण्यानंतर निवर्तली, आणि ते सारे पाठांतर एका रात्रीत पुसले गेले. समाचाराला येणारी मंडळी ‘प्रभूची इच्छा’ असे म्हणून सांत्वन करीत. त्यांचा हेतू चांगला होता; मला मात्र त्या शब्दांचा राग येई. कोणाचे कधी वाईट न चिंतिलेल्या स्त्रीला वर्षभर अंथरुणावर तळमळत ठेवणारी इच्छा पित्याची कशी असेल? जुळे सोलापुरातील माझ्या घरात पवित्र शास्त्र मिटले गेले, ते कित्येक महिने उघडले नाही.

पुढे उघडले, तेव्हा ईयोबाचा ग्रंथ समोर आला. मुलेबाळे, गुरेढोरे, आरोग्य, सर्व काही गमावून बसलेल्या ईयोबाला भेटावयास तीन मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहतात. तोपर्यंत ते खरे मित्र होते. मग ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागतात, आणि तेथेच बिघडते. ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप होतो तो ह्या कारणे सांगणाऱ्यांवर. स्वतः ख्रिस्तानेही गेथशेमाने बागेत, दुःखाचा प्याला टळावा, अशी प्रार्थना केली होती. तो टळला नाही. तेव्हा त्याच्या अनुयायाला संकटातून सूट मिळेल, असे समजण्यास ख्रिस्ती धर्मात आधार नाही, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे.

मग श्रद्धा करते तरी काय? येथे मला केडगाव आणि पंडिता रमाबाई आठवतात.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले. रमाबाई विशीच्या आत असतानाच दक्षिणेतील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे थोड्याथोड्या अंतराने गेली. उरलेली दोघे भावंडे पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्यांनी रमाबाईंचा सन्मान झाला. पण १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही नेला. पदरात लहानगी मनोरमा. वैद्यकी शिकावी म्हणून इंग्लंडास गेल्या, तो कानांनी दगा दिला. बहिरेपणामुळे तीही वाट बंद झाली. १८८३ साली तेथेच वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि महाराष्ट्रातील जिवाभावाची पुष्कळ माणसे दुरावली. त्या वादाचा निवाडा आज करावयाचा नाही. मला बोलावयाचे आहे ते पुढील गोष्टीविषयी.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवीत होत्या. पैशाची निश्चिती नव्हती. घरी राहण्यास कारणे भरपूर होती. तरी त्या निघाल्या, आणि टप्प्याटप्प्याने सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. उपास म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. ज्या संकटाने त्यांचे आईबाप नेले, त्याच संकटाच्या तोंडातून त्यांनी दुसऱ्यांच्या मुली ओढून काढल्या. पुण्यात प्लेगाची धास्ती होती, म्हणून सदनाच्या निर्वाहासाठी केडगावास घेतलेल्या शेतजमिनीवर निवारे उभे राहिले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांच्या वर गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्या मुली शिकल्या.

तरीही दुःखाने रमाबाईंची पाठ सोडली नाही. आपल्या सोलापूरच्या पलीकडे गुलबर्ग्यास शाळा उभारणारी त्यांची कर्ती लेक मनोरमा १९२१ साली वारली. त्या वेळी वृद्ध रमाबाई हिब्रू व ग्रीकवरून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. त्यांनी ते पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेविला.

आपले आईबाप का गेले, ह्याचे उत्तर रमाबाईंना मिळाले असेल किंवा नसेल. श्रद्धेने त्यांना दिले ते काम. ‘माझ्यावरच का?’ हा प्रश्न तिने मिटविला नाही. ‘आता माझ्यासारखे दुसरे कोण आहे?’ असा दुसरा प्रश्न त्याच्या शेजारी आणून ठेविला. पहिला प्रश्न मनुष्याला खोलीत कोंडतो. दुसरा दार उघडावयास लावतो.

माझे दार एका सातवीतल्या मुलीने वाजविले. शेजारची पोर, आईविना वाढलेली. शेकडेवारीची गणिते अडली होती. नाही म्हणावयाचे माझ्या ओठांवर होते. पण तिच्या वेणीचा एक पेड सुटलेला पाहिला, आणि तिला आत बोलाविले. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत आणखी दोघे आले. आज संध्याकाळी माझ्या ओसरीवर नऊ मुले बसतात. माझे दुःख संपले, असे मी म्हणणार नाही. पत्नीची खुर्ची अजून रिकामीच आहे. पण त्या रिकाम्या घरात आता पाढे ऐकू येतात, आणि त्यांच्या आवाजात मला पुन्हा प्रार्थना करता येऊ लागली.

आपणांपैकी बहुतेकांचा धर्म माझ्याहून निराळा असेल. त्याला हरकत नाही. दुःखाला पंथ विचारण्याची सवय नाही. उद्या कोणा दुःखिताच्या घरी जाल, तेव्हा कारणे सांगू नका. ईयोबाच्या मित्रांसारखे आधी मुकाट्याने बसा. आणि दुःख आपल्याच घरी आले, तर दारावरच्या टकटकीकडे तेवढा कान असू द्या.