वृत्त, दृष्टी आणि विवेक



६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घातला गेला. दर्पण म्हणजे आरसा. परंतु आरसाही कोणाच्या तरी हातात असतो; तो ज्या दिशेला धरला जाईल तेवढेच दृश्य त्यात उमटते. म्हणूनच वृत्त असत्य नसतानाही एकांगी असू शकते. याचा प्रत्यय जैन समाजाला २०१५ च्या ऑगस्ट महिन्यात आला.

त्या वर्षी १० ऑगस्ट रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने २००६ मधील एका जनहित याचिकेवर निर्णय दिला. संथारा अर्थात सल्लेखना ही तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ व ३०६ अन्वये, म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न व त्यास साहाय्य या दृष्टीने, गुन्हा मानावी आणि राज्य शासनाने ती थांबवावी, असा त्याचा आशय होता. २४ ऑगस्ट रोजी देशभर समाजाने निषेध नोंदविला. ३१ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली.

घटनाक्रम एवढाच. परंतु तो सांगताना एका लेखणीने ‘उपाशी राहून मरण्याची प्रथा’ म्हटले आणि दुसरीने ‘समाधिमरणाचे व्रत’ म्हटले, तर वाचकाचे मत पहिल्या ओळीतच बनून जाते. १९५५ साली कुंथलगिरी येथे चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. त्या प्रसंगातील तप, जागृती आणि क्षमाभाव वगळून केवळ अन्नत्याग सांगितला, तर त्यातील एकही शब्द खोटा ठरणार नाही. तरीही सत्य मात्र हरवेल. शब्दांची निवड आणि वगळलेला भाग, या दोन वाटांनी पूर्वग्रह वृत्तात शिरतो.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. प्रश्न विचारणे हा पूर्वग्रह नव्हे. सल्लेखना ही आत्महत्या नाही काय, हा प्रश्न प्रथम पत्रकारांनी विचारला असे नाही. आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात तो विचारात घेऊन, रागादी कषायांच्या अभावी ती आत्महत्या ठरत नाही, असे उत्तर दिले आहे. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त उपसर्ग, दुर्भिक्ष, वार्धक्य व रोग हे निवारण्यापलीकडे गेले असता, अशी मर्यादाही घातली आहे. वृद्धांवर कुटुंबाचे वा समाजाचे दडपण येत असेल काय, ही शंकाही उत्तरास पात्र आहे. ती शंका मांडणारे वृत्त समाजविरोधी ठरत नाही. उत्तर ऐकण्यापूर्वीच मथळा ठरविणारे वृत्त मात्र पक्षपाती ठरते.

हाच निकष स्वकीयांनाही लावावा लागेल. ‘स्थगिती’ म्हणजे अंतिम निकाल नव्हे. तिला ‘संपूर्ण विजय’ म्हणणारा संदेश कितीही सुखद वाटला, तरी तोही एकांगीच. आपल्याविरुद्धच्या बातमीची चिकित्सा करणारा आणि आपल्या बाजूचा संदेश न वाचताच पुढे धाडणारा वाचक चिकित्सक म्हणविला जाणार नाही.

यासाठी सुजाण वाचकाने काही सवयी अंगी बाणवाव्यात. मथळा वाचून न थांबता बातमी अखेरपर्यंत वाचावी. मूळ निर्णय काय होता आणि वार्ताहराचे मत काय आहे, हे वेगळे करावे. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांचे म्हणणे आले आहे काय, ते पाहावे. तोच विषय किमान दोन वृत्तपत्रांत पडताळावा. चूक आढळल्यास संपादकांना पुराव्यानिशी, संयत भाषेत पत्र लिहावे. त्यातूनही समाधान न झाल्यास वृत्तपत्रांबाबतच्या तक्रारींसाठी भारतीय प्रेस परिषदेसारखी वैधानिक व्यवस्था आहे.

वस्तू अनंतधर्मात्मक आहे, ही अनेकांताची शिकवण पाठशाळेतील बालकासही ठाऊक असते. परंतु अनेकांत म्हणजे सर्वच मते सारखी खरी, असे नव्हे. प्रत्येक कथन कोणत्या अपेक्षेने केले आहे ते ओळखणे, आणि मगच निर्णयास येणे, हा त्याचा मर्मार्थ होय. ग्रंथाचा स्वाध्याय ज्या निष्ठेने होतो, त्या निष्ठेचा अल्पांश जरी सकाळच्या वृत्तपत्राच्या वाट्याला आला, तरी समाजाचा विवेक जागा राहील.

जय जिनेंद्र!