मनगटावरचं ॲप : हवं की नको?



खिशात फोन असताना मनगटावर आणखी ॲप कशाला?
प्रश्न रास्त आहे.

नकाशा, बातम्या, मेसेजला उत्तर...
ही कामं फोनच चांगली करतो.
एवढ्याशा पडद्यावर बोटसुद्धा नीट लागत नाही.
त्यासाठी घड्याळ घेऊ नका.

पण घड्याळ त्वचेला टेकून असतं.
फोन नसतो.
खरा फरक इथे आहे.

घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकताना पाहिलाय?
रक्त तो हिरवा प्रकाश शोषून घेतं.
ठोका पडला, की मनगटात रक्त वाढतं...
आणि परतणारा प्रकाश कमी होतो.
त्यावरून नाडी मोजली जाते.

2018 साली ॲपलच्या घड्याळात ईसीजी आला.
माणूस जोरात पडला, तर ते ओळखण्याची सोयही आली.

आजी न्हाणीघरात घसरल्या...
फोन बाहेर टेबलावर.
घड्याळ मात्र हातातच.
ते फोनमार्फत मदतीसाठी कॉल लावू शकतं.
एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

म्हणून पुन्हा सांगते,
त्वचेला टेकून होणारं काम घड्याळाचं,
बाकीचं फोनचं.

आणि हो, हृदयविकाराचा झटका घड्याळातला ईसीजी ओळखत नाही.
छातीत दुखू लागलं, तर ॲप उघडत बसू नका.
लगेच 108 ला फोन लावा.