पडद्यावरील बंदूक



खेळांत युद्ध असणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. बुद्धिबळाच्या पटावरहि प्यादीं मरतात, हत्ती पडतात. परंतु त्यांचें रक्त कोणी पाहत नाहीं. १९९३ सालीं अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत इड सॉफ्टवेअर नांवाच्या एका लहानशा मंडळीनें संगणकावर खेळावयाचा 'डूम' हा खेळ तयार केला, त्यांत हा आडपडदा उरला नाहीं. येथें आपण मंगळाच्या चंद्रांवर अडकलेला एक सैनिक असतों व नरकांतून आलेल्या पिशाचांशीं झुंजतों. खेळणाराला स्वतःचा देह दिसत नाहीं. दिसते ती पुढें रोखलेली बंदूक. मारणाराचे डोळे तेच आपले डोळे! याच मंडळीच्या १९९२ च्या खेळांतहि ही दृष्टि होती. डूमनें ती घरोघर पोंचविली.

त्याचा प्रसारहि विलक्षण रीतीनें झाला. ता. १० डिसेंबर १९९३ रोजीं तीन भागांपैकीं पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर फुकट ठेवण्यांत आला. तो घेण्यास एवढी झुंबड उडाली कीं तेथील जाळें बंद पडलें. शिवाय चौघे मित्र आपापले संगणक जोडून एकमेकांची शिकार करूं शकत. कित्येक संस्थांनीं त्याला बंदी केली. कारण हिंसा नव्हे, तर तारांवरील गर्दी!

हिंसेचा प्रश्न तीव्रतेनें पुढें आला तो शोकाच्या प्रसंगीं. ता. २० एप्रिल १९९९ रोजीं कोलोराडोंतील कोलंबाइन शाळेंत दोन विद्यार्थ्यांनीं १२ विद्यार्थी व १ शिक्षक यांचे प्राण घेतले. ते दोघे डूम खेळत असत. सारा दोष खेळाच्या माथीं मारण्यास अनेक लोक सरसावले. पण असंख्य मुलें तोच खेळ खेळून रात्रीं निमूटपणें झोंपीं जात होतीं, हेंहि खरें. २०११ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, मुलांना हिंसक खेळ विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द ठरविला. अशा खेळांमुळें मुलें आक्रमक होतात असें सिद्ध झालेलें नाहीं, असें बहुमताचें म्हणणें पडलें.

म्हणून खेळ निर्दोष ठरला काय? मला तसें वाटत नाहीं. न्यायालय पुरावा मागतें. आईबापांना तेवढ्यावर थांबतां येत नाहीं. दहा वर्षांच्या मुलानें सायंकाळचे दोन तास कशांत घालवावे, हा प्रश्न पुराव्याचा नसून संगोपनाचा आहे. निव्वळ बंदीनें तो सुटत नाहीं. चोरून खेळणारें मूल एकटें पडतें. त्याच्या शेजारीं बसावें, तें काय पाहतें तें पाहावें, आणि हें त्याला कां आवडतें असें विचारावें. त्याचें उत्तर कदाचित् राक्षसांविषयीं नसून मित्रांविषयीं असेल. तें ऐकावयाला मात्र आपण घरीं असलें पाहिजे.