फळांनी पोट भरेल, हाडांचं काय?

आज शुगर ग्लायडरबद्दल बोलू या. शहरांतल्या काही घरांत हा इवलासा प्राणी आता पाळला जातो. हट्ट मुलांचा असतो, पण त्याचं खाणंपिणं बघायचं काम बहुधा आपल्याकडेच येतं.

दिसतो खारीसारखा, पण तो खार नव्हे. कांगारूसारखा पोटावरच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा हा प्राणी ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा. वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम. दिवसा झोपतो, रात्री जागतो. नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो.

नावात ‘शुगर’ आहे, गोडही आवडतं, म्हणून अनेक जण त्याला केळं, सफरचंद, द्राक्षं यांवरच ठेवतात. तोही मिटक्या मारत खातो. घात होतो तो इथेच. या फळांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस त्याहून जास्त. नुसत्या अळ्या-किड्यांचंही तेच. गरोदरपणी आहारात कॅल्शियम कमी पडलं, की आईच्या हाडांतलं जातं, हे आपण ऐकलेलं असतं. याचंही तसंच होतं. हाडं पोकळ होत जातात आणि एके दिवशी तो मागचे पाय ओढत चालू लागतो. तोवर वरून सगळं ठीक दिसत असतं.

रानात तो काय खातो? निलगिरीच्या झाडांचा गोड रस, फुलांतला मध, पराग, किडे आणि बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक. हो, आपण लाडवांत घालतो त्याच जातीचा! डिंकात कॅल्शियम असतं. फळं हे त्याचं मुख्य अन्न नव्हेच.

म्हणून घरी त्याच्या ताटाचे दोन भाग करा. अर्धा भाग मधाच्या मिश्रणाचा. प्राण्यांचे डॉक्टर ज्याला लेडबीटर मिश्रण म्हणतात, ते असं: १५० मिलि कोमट पाणी, १५० मिलि मध, एक कडक उकडलेलं सोललेलं अंडं, लहान बाळांचं जास्त प्रथिनांचं सिरियल २५ ग्रॅम आणि जीवनसत्त्व-खनिजांची पूड एक चमचा. आधी अंडं मिक्सरमधून काढा, मग मधाचं पाणी, पूड आणि सिरियल एकेक करून घालत गुळगुळीत करा. फ्रिजमध्ये ठेवा. पूड कोणती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण जास्त झालेलंही बाधतं. उरलेला अर्धा भाग प्रथिनांचा, म्हणजे कीटकभक्षी प्राण्यांचं तयार खाद्य आणि कॅल्शियमची पूड लावलेले किडे. फळ फक्त चवीपुरतं, त्यातही पपई किंवा अंजीर बरं. चॉकलेट, कांदा, लसूण, चहा-कॉफी अजिबात नको.

१०० ग्रॅमच्या ग्लायडरला दिवसाला १५ ते २० ग्रॅम अन्न पुरतं. ते संध्याकाळी द्या, सकाळी उरलेलं टाकून द्या. आपल्या उकाड्यात ते लगेच आंबतं. पाणी कायम ताजं हवं.

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन करून वहीत लिहा. दहा ग्रॅम घट आपल्याला किरकोळ वाटते, पण १०० ग्रॅमच्या जिवाचा तो दहावा हिस्सा आहे. मागचे पाय लटपटणं, थरथर, झटके, खाणं सोडणं, यांतलं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. चढून पडू नये म्हणून त्याला मऊ कापड घातलेल्या लहान खोक्यात ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. लवकर उपचार मिळाले तर पाय सुधारू शकतात. घरी स्वतःच्या मनानं औषध देऊ नका.

आणि अजून आणला नसेल, तर आधी तीन गोष्टी बघा. पहिली, गावात असे प्राणी तपासणारे डॉक्टर आहेत का? कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर यांना बघत नाहीत. दुसरी, घरात अंडी आणि किडे चालतील का? चालत नसतील, तर त्यात कमीपणा नाही, पण मग हा प्राणी आपल्या घरचा नव्हे. तिसरी, दोन सांभाळणं झेपेल का? तो कळपात राहणारा आहे. एकटा पडला की खंगतो, कधी स्वतःलाच चावे घेतो.

मुलांनी हट्ट धरला, तर त्यांना हे सगळं समजावून सांगा. मुलांना पटतं.